नावेच्या नावे एक फ्रिज

हिडकलच्या धरणात मासे धरायचे म्हणून आम्ही तिघांनी, म्हणजे मी, साडू आणि मेव्हणा, गोव्याकडून एक जुनी फायबरची बोट आणली. सोळा फुटी. बेळगावात उद्यमबागेत माझ्या वर्कशॉपच्या दारात ती तीन महिने उभी होती. वल्हं एकच, मोटरची दोरी पंधरा-वीस वेळा ओढल्याशिवाय ती खोकायचीसुद्धा नाही, आणि लाइफ जॅकेट दोन, माणसं तीन. यातल्या एकाही गोष्टीवर आमची बैठक बसली नाही. बैठका बसल्या त्या फ्रिजवर.

"दाजी, धरणावर ऊन काय असतंय माहीत हाय काय? तिथं बसून मी गरम सोडा पिऊ काय?" हा मेव्हण्याचा मुद्दा. मेव्हण्याचं वजन एकशे दोन किलो असल्यामुळे त्याच्या मुद्द्यालाही वजन असतं. मासे गाडीत घरापर्यंत टिकले पाहिजेत, हे कारण आम्ही बायकांना सांगण्यासाठी नंतर काढलं.

खडेबाजारातल्या एका दुकानात शिरलो. "नावेसाठी फ्रिज पाहिजे होता."

काउंटरवरच्या पोरानं बिलबुक उघडलं. "कुणाच्या नावे, सर?"

"कुणाच्या नावे नव्हे ओ, नावेसाठी. पाण्यात असते ती."

पोरगं घाबरून आत बघायला लागलं. शेवटी आतून मालक ओरडले, "दोणी री, दोणी!" कानडीत दोणी म्हणजे होडी, मराठीत दोणी म्हणजे म्हशी पाणी पितात ती. आमची बोट बघितली असती तर त्यांना दोन्ही भाषा एकदमच पटल्या असत्या.

त्यांनी एक सिंगल डोअर फ्रिज दाखवला. दारावर जांभळी फुलं, खाली कांदे-बटाट्यांचा ड्रॉवर. मेव्हणा त्या ड्रॉवरवर भाळला. पण साडू हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेले. त्यांनी तिथंच तास घेतला. घरचा फ्रिज २३० व्होल्टवर चालतो, बोटीत असते १२ व्होल्टची बॅटरी, म्हणजे मध्ये इन्व्हर्टर आला. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, तिथंच छोटा इन्व्हर्टर मान टाकणार. शिवाय उभं दार उघडलं की थंड हवा जड म्हणून पायावर सांडते. वरून झाकण उघडणारी पेटी असली तर ती बादलीतल्या पाण्यासारखी आतच राहते. मालकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आम्हाला चहा पाजून वाटेला लावलं.

मग मेव्हण्यानं मोबाईलवर एक स्वस्तातली, पंख्याची पेटी शोधली. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही. साडूंनी बारीक अक्षरं वाचली. ही पेटी बाहेरच्या हवेपेक्षा फार तर वीसेक अंश थंड करते. म्हणजे धरणावर ३८ असेल तर आत १८. ही हवा तर बेळगावात आम्हाला पावसाळ्यात फुकट मिळते, वर सर्दीही मिळते. आणि एवढ्यासाठी ती पेटी दिवसभर न थांबता चार-पाच अँपिअर पिणार.

तिसरा प्रकार गॅसच्या ज्योतीवर चालणारा. आग लावून बर्फ करायचा, हे ऐकूनच मेव्हणा हरखला. त्यात अमोनिया फिरतो, आवाज अजिबात नाही. अट एकच, फ्रिज सपाट उभा पाहिजे. कलला की फिरणं अडतं आणि थंडी बंद. मी वर्कशॉपमधली लेव्हल आणून बोटीत ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. "आता बसा," म्हणालो. मेव्हणा डाव्या बाजूला टेकला आणि बुडबुडा जो उजव्या टोकाला गेला तो परत आलाच नाही. वर साडूंनी आठवण करून दिली की सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर बोटीच्या तळाशी साचून बसतो. मेव्हणा सिगारेट ओढतो. प्रकार तिसरा रद्द.

राहिला खरा फ्रिज, १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरचा. लाटांवर कललं तरी चालतं, चालू असताना साधारण चार अँपिअर. साडूंनी फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. निम्मा वेळ चालला तरी दिवसाला ४८ अँपिअर-तास. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे शंभराची एक बॅटरी जेमतेम. उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जास्त चालणार, म्हणून दोन. दोन्हींचं वजन साठेक किलो. त्या भरायला सोलर पॅनेल दोन. पॅनेलला लोखंडी सांगाडा. सांगाड्यात वारा भरून बोट उलटू नये म्हणून तळाला वजन. पुठ्ठा संपला तेव्हा बोटीत जागा उरली होती दीड माणसाची. मेव्हण्यानं मान खाली घातली.

"फ्रिजलाच पाठवा की एकट्याला," बायको चहाचे कप उचलताना म्हणाली.

शेवटी बर्फाची पेटी करायची ठरली. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता खातो आणि त्याला बॅटरी लागत नाही, असं साडू म्हणाले. हे त्यांनी तीन महिन्यांपूर्वी का म्हटलं नाही, ते मी विचारलं नाही. शेजारच्या शेडमध्ये फायबरची पेटी करून घेतली, भिंतीत चार इंच पफ, म्हणजे थंडी धरणारा फोम, वर जाड झाकण, तळाला पाणी सोडायला तोटी.

मेच्या एका रविवारी पहाटे बर्फाच्या कारखान्यातून वीस किलोची लादी उचलली आणि यमकनमर्डीवरून हिडकल गाठलं. घटप्रभा नदीचं पाणी इतकं मागं सरलेलं की बोट चिखलातून अर्धा तास ओढली. मोटर बाविसाव्या दोरीला लागली. मधोमध पोचल्यावर कळलं, लादी फोडायला टोचा कुणीच आणलेला नाही. अख्खी लादी पेटीत तिरकी बसलेली, झाकण चार बोटं उघडं, आणि सोड्याच्या बाटल्यांना आत जागाच नाही. त्या उन्हात तापत होत्या. गळाला मासा नव्हताच, तेव्हा त्याची काळजी नव्हती.

अकराच्या सुमारास मेव्हणा किंचाळला, "दाजी, बोट गळालीय!"

खरंच पायाशी पाणी. मी डब्याच्या झाकणानं उपसायला लागलो, साडूंनी दोन्ही जॅकेटं स्वतःच घातली. चार झाकणं बाहेर टाकल्यावर हाताला काहीतरी वेगळं लागलं. धरणाचं पाणी कोमट होतं आणि हे तर कळ लागण्याइतकं गार. पेटीची तोटी उघडीच राहिली होती.

उपसणं थांबलं. मेव्हण्यानं एकेक करून सोड्याच्या बाटल्या बोटीच्या तळात, त्या पाण्यात आडव्या केल्या. पाऊण तासानं एक उचलून गालाला लावली आणि डोळे मिटले.

"दाजी," तो साडूंना म्हणाला, "ह्याला किती अँपिअर लागतंय ओ?"