एरर दोन टक्के, म्हणून पाणी तिथेच?

बोअरच्या आधी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे फिरणारा दावा असा: ‘रेझिस्टिव्हिटी सर्व्हेची एरर २ टक्क्यांखाली आणली, वर मॉन्टे कार्लोचे १० लाख नमुने चालवले, की थरांची खोली पक्की.’ हा सर्व्हे म्हणजे जमिनीत वीज सोडून थर तिला किती विरोध करतात, म्हणजे त्यांची रोधकता, मोजणं. एरर म्हणजे मोजलेली रीडिंग आणि गृहीत थरांवरून काढलेली रीडिंग यांतला फरक. मॉन्टे कार्लो म्हणजे यादृच्छिक नमुने घेऊन शक्य उत्तरं तपासणं.

एरर कमी आली म्हणून उत्तर एकच ठरत नाही. सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) वर कोरडा जांभा, मध्ये चिकण थर, खाली काळा दगड. मधला थर पातळ आणि कमी रोधकतेचा असला की रीडिंगमधून कळतो तो फक्त जाडी भागिले रोधकता हा आकडा. जाडी १० मीटर व रोधकता २० ओहम-मीटर धरा, नाहीतर ५ मीटर व १० धरा, दोन्हीकडे ०.५ सीमेन्सच (वाहकतेचं एकक). रीडिंगचे वक्र जवळपास एकावर एक बसतात. दगड मात्र ५ मीटर वरखाली होतो आणि केसिंगचा अंदाज कोलमडतो.

आता ते १० लाख. मेट्रोपोलिस पद्धतीत, म्हणजे आधीच्या उत्तरावरून एकेक पाऊल टाकत नमुन्यांची साखळी करण्यात, प्रत्येक नमुना आधीच्याला चिकटलेला असतो. इथे शक्य उत्तरं लांबट, अरुंद पट्ट्यात पसरलेली. पाऊल लहान टाकलं तर साखळी रांगते, मोठं टाकलं तर नाकारलं जातं. स्वसहसंबंधाचा काळ (नमुना आधीच्यापासून सुटा व्हायला लागणारी पावलं) ५,००० पावलं असेल तर १० लाखांतून खरे कामाचे नमुने २००.

उपाय नमुने वाढवण्यात नाही, चलं बदलण्यात आहे. जाडी आणि रोधकतेऐवजी त्यांच्या भागाकाराचा व गुणाकाराचा लॉग घ्या. पहिल्यावर बारीक पाऊल, दुसऱ्यावर लांब. पूर्ववितरण (मोजणीआधी धरलेला अंदाज) लॉगमध्ये सपाट असेल तर ते तसंच राहतं, फक्त जाडी-रोधकतेच्या मर्यादा नव्या चलांत तपासायच्या. साध्या मीटरमध्ये सपाट ठेवलं असेल तर जॅकोबियन (चलं बदलल्याने लागणारा दुरुस्तीचा गुणक) घालावाच लागतो, आणि नेमका तोच विसरला जातो. निदान चार साखळ्या मुद्दाम लांबलांबून सोडा, चिकण थर २ मीटर ते २५ मीटर. आर-हॅट (साखळ्या एकमेकींशी जुळल्या का हे सांगणारा आकडा) १.०१ च्या खाली येईपर्यंत हिस्टोग्राम कुणाला दाखवू नका. साखळ्या वेगवेगळ्या टेकड्यांवर अडकल्या तर पॅरलल टेम्परिंग, म्हणजे सोबत सैल साखळ्या समांतर चालवून उत्तरांची अदलाबदल.

शिवाय ती २ टक्के एरर म्हणजे रीडिंगची अचूकता नव्हे. कोरड्या जांभ्यात सळईचा संपर्क वाईट असतो; मिठाचं पाणी ओतूनही रीडिंग हलतात. रीडिंगमधल्या चुकीचं प्रमाण १ टक्का गृहीत धरलं तर पट्टा खोटाच अरुंद दिसतो. ते प्रमाणही अज्ञात चल म्हणून सोडा.

खाडीलगत कमी रोधकता चिकणमातीची की खाऱ्या पाण्याची, हे कुठलीच साखळी सांगणार नाही. शेजारच्या विहिरीतलं पाणी काढून त्याची विद्युतवाहकता मोजा, आणि विहिरीच्या भिंतीवर जांभा किती मीटरवर संपतो ते टेप सोडून पाहून पूर्ववितरणात घाला.