३८ की ३२? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. ‘श्वसनावरच्या लेखात एका ग्लुकोजपासून ३० ते ३२ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात असं लिहून तुम्ही विद्यार्थ्यांचा गोंधळ उडवताय, पुस्तकांत ३८ आहेत, आणि प्रोटॉनचं पुराण लावायची गरजच नव्हती,’ असा तुमचा आक्षेप आहे. प्रोटॉनचा भाग आधी घेतो, कारण आकड्याचं उत्तर तिथेच आहे.

ग्लुकोज तुटताना निघणारे इलेक्ट्रॉन एनएडीएच आणि एफएडीएचटू हे वाहक रेणू उचलतात; एका ग्लुकोजमागे पहिले १०, दुसरे २. एका एनएडीएचमागे ३ आणि एका एफएडीएचटूमागे २ एटीपी धरून ३८ ही बेरीज येते: ३० अधिक ४, आणि थेट तयार होणारे ४. हे पूर्णांक रूढ झाले तेव्हा समजूत अशी होती, की इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या (हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचवणाऱ्या प्रथिनांच्या रांगेच्या) ठरावीक पायऱ्यांवर एखाद्या ऊर्जायुक्त संयुगामार्फत एटीपी बनतो. ते संयुग वर्षानुवर्षं शोधलं गेलं. सापडलं नाही, कारण ते नव्हतंच. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलं, की ऊर्जा साठते ती तंतुकणिकेच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलाच्या दोन बाजूंमधल्या प्रोटॉनच्या फरकात. या कल्पनेला बराच विरोध झाला. १९७८ साली तिच्यासाठीच त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जीवशास्त्रात याहून सुंदर कल्पना मला माहीत नाही. ती गाळून श्वसनावर लिहिणं मला जमणार नाही.

आता हिशेब. एनएडीएचचे दोन इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोहोचेस्तोवर सुमारे १० प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. एफएडीएचटूच्या बाबतीत ६. हे प्रोटॉन परत येताना एटीपी सिंथेज या एटीपी बनवणाऱ्या प्रथिनाचा गाभा अक्षरशः गरगर फिरतो. (असा गाभा फिरताना १९९७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलाही गेला!) एक एटीपी बनवून तंतुकणिकेबाहेर पोचवायला सुमारे ४ प्रोटॉन खर्ची पडतात. म्हणजे एनएडीएचमागे अडीच, एफएडीएचटूमागे दीड. २५ + ३ + ४ = ३२. पेशीद्रव्यात तयार झालेल्या एनएडीएचचे इलेक्ट्रॉन कमी फायद्याच्या वाटेने आत गेले, तर ३०.

शिवाय काही प्रोटॉन पटलातून नुसतेच झिरपतात, त्यामुळे जिवंत पेशीत हाताला याहूनही कमी लागतं. तपकिरी मेदपेशींत तर त्यांना परत येऊ देणारं वेगळं प्रथिनच असतं. तिथे ऊर्जा एटीपीत न जाता उष्णता होऊन बाहेर पडते, आणि नवजात बाळाचं अंग उबदार राहतं. एका ग्लुकोजचे ३८ एटीपी ठरलेलेच मानले, तर हे समजावणार कसं?

नेमलेल्या पुस्तकात ३८ असेल तर परीक्षेत ३८ लिहावं, त्याबद्दल वाद नाही. लेखातला आकडा मात्र तसाच ठेवतो आहे, आणि वरचा हिशेबही त्यात जोडतो.