ओझच्या सोयरिकी आणि मधला मी

गाण्यांचे सिनेमे मला मनापासून आवडतात. कुणीतरी चालता चालता गाऊ लागतं, रस्त्यावरची माणसं हातातली कामं टाकून तालात नाचतात आणि गाणं संपलं की काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा कामाला लागतात. असल्या जगात राहायला माझी ना नाही. म्हणून दोन भाच्यांना घेऊन ‘विकेड: फॉर गुड’ बघायला गेलो. म्हणजे सिनेमा बघायला मी एकटाच गेलो होतो. त्या दोघी पुरावे गोळा करायला आल्या होत्या.

माहिती नसणाऱ्यांसाठी: गोष्ट ओझ नावाच्या जादुई देशातली. एल्फबा ही हिरव्या रंगाची चेटकीण, तिची मैत्रीण ग्लिंडा गुलाबी आणि दोघींच्या मध्ये फियेरो नावाचा देखणा राजपुत्र. थोरली भाची ‘गेल्फी’ पक्षाची. ग्लिंडा आणि एल्फबा हीच खरी जोडी, राजपुत्र निव्वळ अडगळ. धाकटी ‘फियेराबा’वाली, तिच्या लेखी फियेरोशिवाय एल्फबा म्हणजे नुसता झाडू. सिनेमा ज्यावर बेतलाय त्या संगीत नाटकात हा वाद एका मध्यंतरात चहाबरोबर मिटत असेल. सिनेमावाल्यांनी पहिला भाग आणला नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि दुसरा नोव्हेंबर २०२५ मध्ये. वर्षभराचं मध्यंतर! तेवढ्यात घरात दोन पक्ष, दोन झेंडे आणि एक कायमचा पंच तयार झाला. पंच अर्थात मी.

शेवट गुपित होता म्हणावं तर तेही नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २००३ पासून तोच शेवट होतोय. पण पडद्यावर तरी लेखकांना सुबुद्धी होईल, अशी थोरलीला आशा होती.

फियेरो ग्लिंडाला ऐन लग्नात सोडून एल्फबाबरोबर निघाला, तेव्हा धाकटीने माझा दंड असा आवळला की पुढचं गाणं मी एका हाताने ऐकलं. त्या प्रेमगीताच्या वेळी एल्फबा अंगात लांबलचक विणलेला स्वेटर घालते. अशा प्रसंगी कपडे कमी होतात अशी माझी माहिती, इथे वाढले. या स्वेटरवर चाहत्यांनी जेवढा खल केलाय, तेवढा ओझवर राज्य करणाऱ्या जादूगाराच्या कारभारावर कुणी केला नसेल. धाकटीला तो हवाय. तसाच. त्याच लांबीचा.

मग निरोप. एल्फबा ग्लिंडाला कपाटात ढकलते, दार लावते आणि दाराच्या अल्याड-पल्याड दोघी रडत ‘आय लव्ह यू’ म्हणतात. थोरलीने अंधारात माझ्याकडे वळून फक्त एक भुवई उचलली, साक्षीदार फुटल्यावर वकील उचलतो तशी.

सरतेशेवटी एल्फबा बुजगावणं झालेल्या फियेरोबरोबर निघून जाते. धाकटी जिंकली! पण नाही, अगदी शेवटच्या दृश्यात दोघी मैत्रिणी फुलांत बसलेल्या आणि ग्लिंडा एल्फबाच्या कानात कुजबुजतेय, हुबेहूब नाटकाच्या जुन्या पोस्टरसारखी. थोरली जिंकली! दिग्दर्शक जॉन चू यांनी दोन्ही पक्षांना खूश केलं आणि मला वाऱ्यावर सोडलं.

“मामा, आता तू सांग. खरी जोडी कुठली?”

“दोन्ही छान आहेत गं.”

“पळपुटा!” हे मात्र दोघी एका सुरात.

आता मला विचाराल तर या गोष्टीत प्रेमात पडणं हाच मुळात जिवाशी खेळ आहे. एक प्रेमिक पेंढ्याचा होतो, दुसरा पत्र्याचा. त्या दुसऱ्याचं, बॉकचं, कुणाला काही पडलेलंच नाही. बिचाऱ्याचा जीव ग्लिंडावर, एल्फबाच्या बहिणीचा, नेसारोजचा जीव त्याच्यावर. ती मंत्र म्हणायला जाते आणि याचं काळीजच आक्रसतं. एल्फबा जीव वाचवते, पण पत्र्याचा डबा करून. मी पोटतिडकीने म्हणालो, “माझा पाठिंबा बॉकला. त्याची जोडी लावा कुणाशी तरी.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालेलं दिसलं.

“मामा,” थोरली मऊ आवाजात म्हणाली, “अरे, ग्लिंडाला त्याचं नावसुद्धा धड घेता येत नाही. ती त्याला बिक म्हणते.”

हल्ली त्या दोघी मला बिकमामा म्हणतात.