पोरां उतरली काय गो सगळी?

काल रात्रीपासून डोकं तापलंय. झोपही धड लागली नाही, म्हणून सकाळचे डबे भरून झाल्यावर लिहायला बसले आहे. लांबलं तर लांबू दे.

काल आमच्याकडे सगळे जमले होते. भाचे, नवऱ्याचे दोन मित्र, त्यांच्या बायका. जेवणं झाल्यावर पोरांनी 'भूत: द हॉन्टेड शिप' लावला. विकी कौशलचा, २०२० च्या फेब्रुवारीत आलेला. जुहूच्या किनाऱ्यावर 'सी बर्ड' नावाची भलीमोठी बोट येऊन रुतते, तिच्यावर चिटपाखरू नसतं, आणि बायको-मुलगी गमावलेला एक शिपिंग ऑफिसर तिच्यात शिरतो. सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच एक जण म्हणाला, "एवढी मोठी बोट मुंबईत येईपर्यंत कुणाला दिसत नाही? काहीही दाखवतात!" सगळे हसले. मग पुढचे दोन तास तेच. बोट दिसली की हशा.

अण्णा, माझे वडील, कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. ते हसले नाहीत.

अरे, झालंय हे! आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या मुंबईत झालंय. ११ जून २०११ ला 'विस्डम' नावाची बोट जुहूला येऊन रुतली. कोलंबोहून गुजरातेत अलंगला तोडायला ओढून नेत होते, वाटेत दोर तुटला आणि बोट सुटली. तिच्यावर माणूस नव्हता. ती बाहेर काढून महिना होतो न होतो तोच ३१ जुलैला 'पवित' आली, त्याच जुहूला. ही तर टँकर. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेली, महिनाभर अरबी समुद्रात एकटी भटकत थेट आपल्या चौपाटीवर. २६/११ ला तीन वर्षंही झाली नव्हती, तरी येईपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. म्हणजे काल ज्या गोष्टीला सगळे 'काहीही' म्हणत होते, तेवढीच त्या सिनेमात खरी होती.

'पवित' आली त्याच्या पुढच्या रविवारी अण्णा मला म्हणाले, चल, बघून येऊ. पाऊस होता. जुहूला जत्रा भरलेली. कणसं भाजणारे, भेळवाले, पोरं खांद्यावर घेऊन आलेले बाप, बोटीकडे पाठ करून फोटो काढणारी कॉलेजची मुलं. मीही एक फोटो काढला. अण्णांनी छत्री मिटली आणि नुसतं बघत राहिले. गंज कुठवर चढलाय, बोट किती कललीय. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पोरां उतरली काय गो सगळी?"

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं इथल्याच कुठल्या पोरांबद्दल विचारतायत. ते खलाशांबद्दल विचारत होते. त्या अख्ख्या गर्दीत हा प्रश्न पडलेला तो एकच माणूस असावा.

माझ्या यादीतल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, अण्णा बोटीवर होते. ऑइलर, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारा खलाशी. देवगडकडच्या आमच्या गावात त्या काळी घरटी एक माणूस तरी बोटीवर असायचा. दिवाळीला बापाचा फोटो पुढे ठेवून ओवाळायचं, आणि बाप प्रत्यक्ष यायचा तो मे महिन्यात नाहीतर पुढच्या वर्षी. सेंटचा वास, परदेशी साबण आणि आमच्या मापाला कधीच न बसणारे कपडे घेऊन.

मी तिसरीत होते त्या वर्षी ते आलेच नाहीत. परदेशातल्या एका बंदराबाहेर त्यांची बोट नांगरून ठेवली आणि मालक गायब झाला. पगार बंद. आधी ताजी भाजी संपली, मग पीठ. नुसता भात आणि कांदा. कागदपत्रं कंपनीकडे, त्यामुळे किनारा समोर दिसत असून उतरता येईना. सात महिने. इकडे आई मुंबईला एजंटाच्या दारात फेऱ्या घालत होती. तिच्या हातातल्या पाटल्या त्या वर्षी गेल्या त्या गेल्याच.

अण्णा त्याबद्दल फार बोलत नाहीत. एकच गोष्ट सांगतात. डिझेल वाचवायला रात्री जनरेटर बंद करायचे. बोटीवरच्या माणसाच्या कानात दिवसरात्र इंजिनाची घरघर असते, ती थांबली की झोप उडते. काळोख, आणि खाली कुठेतरी नांगराच्या साखळीचा करकर आवाज. "डिझेल संपला की बोट मरता," म्हणतात. सगळे डेकवर एकमेकांना चिकटून झोपायचे. आत, आपापल्या केबिनमध्ये, कुणी जायला तयार नसायचा. आजही डिसेंबरच्या थंडीत अण्णांना पंखा चालू लागतो. वाऱ्यासाठी नाही, आवाजासाठी. वर गोधडी आणि डोक्यावर पंखा. आई होती तोवर रोज रात्री यावरून भांडण.

काल सिनेमात विकी कौशल टॉर्च घेऊन त्या रिकाम्या बोटीत फिरतो तेव्हा अण्णा उठले आणि त्यांनी पंखा एकावर होता तो तीनवर केला. पोरं म्हणाली, आजोबा घाबरले!

हो. घाबरले. घाबरायलाच हवं ते बघून.

मला त्या सिनेमाचा राग नाही असं नाही. पण पहिला तासभर त्यांनी जे पकडलं होतं ते अस्सल होतं. लोखंडाचा आवाज, पाणी ठिबकणं, एकामागून एक उघडणारे दरवाजे आणि आत कुणीच नाही. विकी कौशलनं दुःखही खरं केलंय. त्या माणसाचं घरही त्या बोटीसारखंच झालंय, आतले निघून गेलेत. इथवर मी खुर्चीच्या टोकाला होते. मग उत्तरार्धात तेच. भिंतीवर चढणारी मुलगी, मंत्र म्हणणारे आशुतोष राणा, धावपळ, किंचाळ्या. हे करायला बोट कशाला हवी होती? एखाद्या वाड्यात, बंगल्यात, हॉस्टेलात हेच करता आलं असतं. दोन तास बघूनही त्या बोटीवर राबणाऱ्या एका साध्या खलाशाचं नाव मला आज सांगता येत नाही.

भुताचा सिनेमा आहे, भूत दाखवणारच, हे मान्य. उत्तरार्ध ढेपाळतो असं काल सगळे म्हणत होते, तेही बरोबरच आहे. पण त्यांना भूत कमी भीतिदायक वाटलं म्हणून तक्रार होती. माझी तक्रार अशी की तुमच्या हातात रिकामी बोट होती, अजून काय पाहिजे होतं?

हा सिनेमा लागायच्या पाचच दिवस आधी आयर्लंडमध्ये कॉर्कजवळच्या बॅलिकॉटनच्या खडकांवर 'अल्टा' नावाची बोट वादळात येऊन आदळली. २०१८ मध्ये भर अटलांटिकमध्ये ती बंद पडली होती, दहा खलाशांना अमेरिकेच्या तटरक्षकांनी उतरवलं होतं, आणि तेव्हापासून जवळजवळ दीड वर्ष ती माणसांवाचून फिरत होती. तिथेही लोक फोटो काढायला गेले. खलाशी कोण, कुठले, त्यांचे पगार मिळाले का, हे कुणी विचारलं असेल?

आणि आपण तर कोकणातली माणसं. आपल्याला बोटीची भीती शिकवायला सिनेमा लागतो का? १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकापाशी बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. माझी आजी आकाश भरून आलं की धक्क्यावर पाऊल ठेवू द्यायची नाही. ते जाऊ दे, जुनं झालं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात समुद्रातल्या तेलाच्या कामावरच्या माणसांचा पी-३०५ तराफा बुडाला, २६१ माणसं होती त्यावर. वर्षभर तरी लक्षात राहिली का आपल्या?

आता नियम आहेत म्हणतात. दोन महिने पगार थकला की खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरायचं, विम्यातून त्याचं खाणंपिणं आणि घरी परतायचा खर्च भागवायचा, असं २०१७ पासून लागू आहे. चांगलंच आहे. अण्णांच्या वेळी तेवढंही नव्हतं. तरीही 'एमटी इबा' नावाच्या टँकरवर आपली भारतीय पोरं वर्षानुवर्षं पगाराविना अडकून पडली होती, आणि शेवटी २०२१ च्या जानेवारीत तो टँकर वाहत वाहत अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या किनाऱ्याला लागला. वर माणसं असताना! चौपाटीवर फिरायला आलेल्यांना बोटीवरून माणसं दिसत होती. यावर करा की सिनेमा. बघू कोण हसतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. पोरांचं काय चुकलं? ज्याच्या घरात बोटीवरचं माणूस नाही त्याला बोट म्हणजे लोखंडाचा डोंगर. मी स्वतः जुहूला पहिल्यांदा फोटोच काढला होता.

त्या दिवशी अण्णांना मी उत्तर देऊ शकले नव्हते. नंतर त्यांनी स्वतःच शोधलं. सगळ्या पेपरांत रडार, नौदल, कुणाची चूक, हेच पानभर. पण आत कुठेतरी एक ओळ होती, की 'पवित'चे १३ भारतीय खलाशी ब्रिटिश युद्धनौकेनं आधीच सुखरूप उतरवून घेतले होते. अण्णांनी ब्लेडनं तेवढीच ओळ कापली आणि आपल्या जुन्या सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदीच्या, पुस्तकात ठेवली.

काल सगळे गेल्यावर भांडी आवरताना ते स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, "रिकामी बोट मात्र खरी दाखवल्यानी हां." थोडं थांबून म्हणाले, "पण तेंची पोरां गेली खंय?"

मी नळ सोडला आणि भांडी घासत राहिले.

ते कात्रण मध्ये एका पावसाळ्यात कपाट गळून भिजलं, अक्षरं गेली. ऑगस्ट २०११ च्या पहिल्या आठवड्यातले मराठी पेपर कुणाकडे असतील, किंवा कुणाच्या ओळखीत ग्रंथालयात जुने अंक बघता येत असतील, तर कृपया इनबॉक्समध्ये सांगा. एकच ओळ हवी आहे.