आठचा फॅक्टोरियल

मे महिन्यात पारा 45 वर गेला की आमच्या जळगावात गारवा दोनच ठिकाणी मिळायचा: एटीएममध्ये आणि डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये. एटीएमचा वॉचमन पाच मिनिटांत हाकलायचा, म्हणून माझी लॅबची हजेरी शंभर टक्के. एसी अर्थात मशीनसाठी होता. आम्ही आपले बांडगुळासारखे त्यावर जगत होतो.

दारात चपला काढायच्या. का, तर धूळ आत येते. (धूळ खिडकीतून सुखेनैव यायची, तिला कोण अडवणार?) पहिल्याच वर्षी मी दोन्ही डाव्या पायाच्या चपला घालून घरी गेलो.

एसीचा रिमोट आप्पांच्या खिशात. आप्पा म्हणजे लॅब असिस्टंट. कुणी डुलकी काढली की खांद्यावर थाप, "काय भो, प्रॅक्टिकलले आला का झोपाले?"

खरी भीती यूपीएसची. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांपुढे दर 10 अंशांना साधारण निम्मं होतं. आमच्या बॅटऱ्या गच्चीच्या जिन्याखाली, पत्र्याच्या शेजारी. त्या भर तारुण्यातच गेलेल्या. लाईट गेल्यावर यूपीएसचं 'टूं' आणि मिट्ट अंधार यांत एक जांभई मावेल एवढंच अंतर. तेवढ्यात तीस बोटं एफ-टूवर, म्हणजे सेव्हच्या बटणावर, आदळायची. ज्याचं हुकलं, त्याचा तासाभराचा प्रोग्रॅम गेला.

परीक्षेत मला चिठ्ठी आली फॅक्टोरियलची, म्हणजे एकपासून दिलेल्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार. लॉटरीच! निळ्या पडद्याच्या टर्बो सी मध्ये (सी भाषेतले प्रोग्रॅम आम्ही त्यातच लिहायचो) धडाधडा टाइप केलं, पाच टाकले, 120 आले. सात टाकले, 5040. बाहेरून आलेले सर म्हणाले, "आठ टाका."

उत्तर आलं, उणे 25216.

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी एसीकडे पाहिलं. त्या गारव्यातही मला घाम फुटला. मग आठवलं, टर्बो सी चा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, दोनच बाइटचा, 32767 च्या पुढे त्याचं पोट भरतं आणि तो उलटा फिरतो. आठचा फॅक्टोरियल तर 40320. घाईघाईनं इंट खोडून लाँग, म्हणजे त्याहून मोठा डबा, केलं, उत्तर छापणाऱ्या प्रिंटएफमध्येही त्याला जुळणारं एलडी केलं आणि पहिल्यांदाच न सांगता एफ-टू दाबलं. 40320! सरांचा चेहरा जरा सैलावला.

"आता तेरा."

1932053504.

एवढा मोठा आकडा, त्यात उणे नाही. सरांनी चष्मा वर केला, आकडा डोळे भरून पाहिला, "छान" म्हणाले आणि जर्नलवर सही ठोकली. तेवढ्यात लाईट गेली, म्हणून पुढचा प्रश्न टळला.

परवा पोराच्या मोबाइलवर सहज तेरापर्यंत गुणाकार करून पाहिला. 6227020800 येतात. लाँगचंही पोट भरलं होतं, फक्त यावेळी त्यानं ढेकर दिला नव्हता. मार्कशीट कपाटात आहे. मी कुणाला काही बोललो नाही.