रयत आणि रैत
रयत या शब्दावरच्या एका लेखात त्याचा अर्थ प्रजा एवढाच दिलाय, पण आमच्या बेळगाव भागात ह्याचा अर्थ थेट शेतकरी होतो बघा. कन्नडात रैत म्हणजे शेतकरीच, बियाणं आणायला जातो त्या ऑफिसचं नावच रैत संपर्क केंद्र. मूळ शब्द अरबी, राखलेला कळप असा काहीतरी अर्थ, मग राजाची प्रजा, आणि शेतसारा भरणारा तो जमीन कसणाराच म्हणून शेतकरी. आमचे आजोबा पहिल्यांदा तो बोर्ड वाचून दारातच थांबले, भाताच्या बियाण्याची रिकामी पिशवी काखेत, म्हणाले आम्ही कुणाची रयत न्हाई, जमिनीचा उतारा आमच्या नावावर हाय! आतला क्लार्क हसून म्हणाला, आजोबा बर्री (म्हणजे या), रैत म्हणजे तुम्हीच की. कुळ शब्द मात्र वेगळा, ते दुसऱ्याची जमीन कसणारं, त्यात घोळ करू नका.