पोराचं अपेंडिक्स काढलंय, शहाळं घेऊन निघालात?

भाच्याचं नाहीतर पुतणीचं ऑपरेशन झालं असा मेसेज फॅमिली ग्रुपवर पडला की संध्याकाळपर्यंत निम्मं गणगोत हॉस्पिटलच्या लिफ्टपाशी जमतं. माया असतेच, नाही कोण म्हणतंय? पण पहिल्या दोन दिवसांत वॉर्डात जे घोळ होतात, त्यातले बरेचसे या मायेपोटीच होतात. माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी आईबाप आणि रात्री जागायला एक माणूस, एवढे पुरे. बाकीच्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, फोन करून, भेटायच्या वेळेत, दहा मिनिटांसाठी जावं.

पहिल्या दिवशी का नको? भूल उतरताना लहान मुलं, त्यातही दोन ते पाच वर्षांची, कधीकधी बेफाम रडतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. ते दुखण्यानेच होतं असं नाही, भुलीचाच तो परिणाम असतो आणि बहुतेकदा अर्ध्या तासात निवळतो. तेवढा वेळ मंद उजेड आणि आईचा एकटीचा आवाज हवा. चारजणांनी कडं करून 'सोन्या, इकडे बघ, ओळखलंस का मला?' सुरू केलं की ते पोर आणखी बिथरतं. शिवाय ऑपरेशनच्या वेळी बहुधा श्वासनलिकेत नळी घातलेली असते, त्यामुळे घसा दुखतो. बोलत नाही म्हणून रुसलाय असं समजू नका.

आता शहाळं. कॉटला 'एनबीएम'ची पाटी लावलेली असते, म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा. 'दोन घोटांनी काय होतंय' म्हणणारी एक तरी आत्या असतेच. काय होतं, तर ऑपरेशन आणि भुलीनंतर आतडी सुस्तावलेली असतात, पोटात गेलेलं पुढे सरकत नाही, उलटी होते. उलटीने टाके ताणले जातात, आणि मूल अर्धवट गुंगीत असेल तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. अपेंडिक्स नुसतंच सुजलेलं होतं आणि वेळेत काढलं, तर बहुधा काही तासांत घोटघोट पाणी सुरू करतात, मग पेज, मग मऊ भात. ते फुटून पोटात पू झाला असेल तर हेच गाडं दोन-तीन दिवस किंवा जास्तही अडतं, नाकातून नळीही असू शकते. त्यामुळे आल्याआल्या एकच प्रश्न विचारावा: 'तोंडाने सुरू केलंय का?' नाही म्हटलं तर पिशवी बाहेरच ठेवायची, आणि त्या पोरासमोर बसून वडापावही खायचा नाही. उलटी हिरवट झाली तर पुसून टाकण्याआधी सिस्टरला दाखवायची.

टॉन्सिल काढलेल्या मुलाचं गणित वेगळं. तोंडाने सुरू झालं की थंड दूध, कस्टर्ड, आइस्क्रीम चालतं, आजीचा जीव कितीही वरखाली झाला तरी. फक्त लाल सरबत नको, कारण उलटी झाली तर ते रक्त की रंग हे कळत नाही. आणि मूल झोपेतही सारखं गिळताना दिसलं तर घशात आत रक्त येत असू शकतं, लगेच सांगायचं.

सगळ्यात जास्त भीती वाटते ती सलाइनच्या चाकावर जाणाऱ्या बोटांची. 'फारच हळू चाललंय, जरा वाढवतो.' अहो काका, वीस किलोच्या मुलाला तासाला साधारण ६० मिली हा ढोबळ हिशोब, डॉक्टर त्यातही कमीजास्त करतात. मुलांच्या बारीक थेंबांच्या सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे मिनिटाला ६० थेंब. ते चाक पूर्ण सोडलं की आठ तास पुरवायची बाटली फार लवकर रिकामी होते. लहान जिवाला एवढं पाणी झेपत नाही, फुप्फुसात साठू शकतं, रक्तातलं सोडियम घसरलं तर झटके येऊ शकतात. बाटलीत पोटॅशियम मिसळलेलं असेल तर हृदयाचे ठोकेच बिघडू शकतात. थांबलंय असं वाटलं तर बेल दाबा. नळीत रक्त उलटं चढलेलं दिसलं तरी तेच: हात वर उचलला गेलेला असतो किंवा बाटली संपलेली असते, नळी पिळत बसायचं नाही.

हाताला लावलेल्या त्या पिवळ्या किंवा निळ्या टोपीच्या 'सुई'त खरं तर सुई नसते, सुई काढून घेतलेली असते आणि शिरेत मऊ प्लॅस्टिकची नळी राहते. ती सरकून शिरेबाहेर आली की आजूबाजूला सूज येते, कातडी गार आणि ताणलेली लागते, मूल 'जळतंय' म्हणतं. त्याला नाटकी ठरवू नका. आणि हस्तांदोलन, लाडाची टाळी, सगळं दुसऱ्या हाताने.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर पोर 'खांदा दुखतोय' म्हणेल. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा, म्हणून मावशी बाम काढतात. पोट फुगवायला आत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, त्याने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, चाळवतं आणि ती कळ खांद्यात जाणवते. एक-दोन दिवसांत जाते. पर्समधली क्रोसिनही काढू नका. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, ते मुलाला एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोला ३०० मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. तेच औषध वेगळ्या नावाने बहुधा शिरेतून चालूच असतं. वर तुमची गोळी गेली की डोस दुप्पट, आणि त्याचा मार यकृतावर.

मामांचे विनोदही जरा पुढे ढकला. हसलं की टाके ओढतात. हसू किंवा खोकला आवरणार नसेल तर पोटावर छोटी उशी घट्ट धरायला सांगा, खूप फरक पडतो. उठतानाही आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. डॉक्टरांनी चालवायला सांगितलं असेल तर 'झोपू दे बिचाऱ्याला' म्हणू नका. चालल्याने गॅस सरतो, फुप्फुसं मोकळी होतात.

कॉटवर बसू नये, ते नुसतं जंतूंसाठी नाही. चादरीखालून लघवीची किंवा ड्रेनची (पोटातला पू-पाणी बाहेर काढणारी) नळी गेलेली असू शकते, ती ओढली जाते. लघवीची पिशवी कॉटवर उचलून ठेवली तर लघवी उलटी मूत्राशयात जाते, ती कायम खालीच लटकलेली हवी. आत जाताना हाताला सॅनिटायझर २० ते ३० सेकंद, वाळेपर्यंत चोळायचं. सर्दी, खोकला, जुलाब, घरात कुणाला कांजिण्या असतील तर व्हिडिओ कॉल. अंगारा पुडीत बांधून उशाशी ठेवा, जिभेवर आणि जखमेपाशी नको. आणि ऑक्सिजनच्या वॉर्डात कापूर, उदबत्ती अजिबात नाही.

मग न्यायचं काय? समोर बटणं असलेला शर्ट, कारण सलाइनच्या हातातून टी-शर्ट जात नाही. पोटावर दाबणार नाही अशी सैल चड्डी. लांब वायरचा चार्जर. आईसाठी पोळीभाजीचा डबा, आणि तिला दोन तास घरी पाठवून आंघोळ आणि झोप मिळेल एवढा तुमचा वेळ. सरकारी योजनेतून ऑपरेशन असेल तर आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलापाशी रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स घेऊन उभं राहायचं काम घ्या. मेडिक्लेम असेल तर मूळ बिलं आणि रिपोर्ट एका फाइलीत लावून द्या. बाप बिचारा औषधाच्या काउंटरवर आणि बिलिंगला फेऱ्या मारून थकलेला असतो.

घरी सोडल्यावरही लक्ष हवं, विशेषतः अपेंडिक्स फुटलेलं असेल तेव्हा. पाच-सात दिवसांनी पुन्हा ताप, पोटात कळ, वरचेवर पातळ शी, किंवा टाक्यांपाशी लाली आणि पू दिसला तर आत परत पू साठलेला असू शकतो. तेव्हा 'शाळा बुडवायची आहे म्हणून करतोय' असं निदान सोफ्यावर बसून कुणी करू नये, डिस्चार्जची फाइल घ्यावी आणि त्याच दिवशी दाखवायला न्यावं.